जिज्जींच्या सासूबाई

मला कंप्युटरमधलं कळतं, ही अफवा बालाजी घाटाच्या गल्लीत माझ्याआधी पोचली होती. मी सांगलीहून बनारसला आलो तो नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, विद्यापीठात संगणक शिकवायला. शिकवायला म्हणजे काय, आधी आपण वाचायचं आणि मग ते आपल्याला जन्मापासून माहीत असल्यासारखा चेहरा करून फळ्यावर लिहायचं. तो चेहरा मला फार छान जमत असे. खोली मिळाली ती एका मराठी भिक्षुकांच्या घरात, वरच्या मजल्यावर. एक खिडकी गंगेकडे आणि दोन माकडांकडे. मी ट्रंक उघडतोय तोच जिन्यातून आवाज आला, "कंप्यूटरवाले प्रोफेसर तूच का रे?"

"हो. म्हणजे, लेक्चरर."

"तेच ते. खाली ये, चहा ठेवलाय. आणि एक सांग, कंप्यूटर पोटाशी धरून हा जिना चढता येईल का?"

ह्या जिज्जी. घरमालकांची थोरली बहीण. बनारसी बोलीत जिज्जी म्हणजे मोठी बहीण, पण ह्यांना भाऊ, भावजय, दूधवाला, घाटावरचा नावाडी, सगळेच जिज्जी म्हणत. लग्न केलेलं नव्हतं. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि अंगावर कायम सुती साडी. एवढ्या शालूंच्या गावात राहून, शालूंच्याच कामात असून रेशमाचा एक धागा कधी अंगावर पाहिला नाही. विचारलं तर म्हणाल्या, "दिवसभर जरीत डोळे घालून बसल्यावर अंगाला तरी आराम नको का?"

चहाचा कप चांगला मोठा होता. चहा अर्धाच होता. दुसऱ्या दिवशीही अर्धा, तिसऱ्या दिवशीही. मी मनात नोंद केली, बाई हिशेबी आहे. माणूस ओळखण्यात आपला हात कोणी धरणार नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती.

जिज्जींचं काम समजायला मला बरेच दिवस लागले. महाराष्ट्रातून काशीला आलेले यात्रेकरू ह्या घरी उतरत. श्राद्धं, अभिषेक झाले की बायकांना आठवण होई ती शालूची. घरात कोणाचं तरी लग्न ठरलेलं असेच. जिज्जी त्यांना घेऊन अलईपुऱ्यात विणकरांकडे जात. बायका म्हणत, पदरावर कोयरी हवी पण आमच्या आजीच्या शालूवर होती तशी. विणकर म्हणे, तशी म्हणजे कशी? मग जिज्जींनी एकदा कागदावर काढून दाखवली, आणि तिथून त्या नक्शे काढायला लागल्या.

नक्शा म्हणजे बारीक चौकोनांचा मोठा कागद. एक चौकोन म्हणजे कापडातली एक गाठभेट, उभा धागा आडव्याला भेटतो ती. जिथे जरी वर यायची तो चौकोन काळा करायचा, बाकी कोरा. एका पदरासाठी असे हजारो चौकोन. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, त्या पट्ट्या मागावर चढवतात आणि मग माग ती कोयरी विणतो. एक चौकोन इकडचा तिकडे झाला तर कोयरीला मस उठतो.

जिज्जींची एक रीत होती. नक्शा घरी सुरू करायचा, पण पुरा करायचा तो मागाशेजारी बसूनच. त्यांचे विणकर जलीलभाई, साठीचे, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेले. खड्ड्याच्या काठावर जिज्जी, मांडीवर कागद. "जलीलभाई, ये पत्ता थोड़ा मोटा लग रहा है?" "एक खाना कम कर दीजिए, जिज्जी." खाना म्हणजे चौकोन. अशी दोघांची दुपार जायची. कोणाचं लग्न, कोणाचा दमा, भाव काय चाललाय, सगळं त्या चौकोनांच्या मधल्या जागेत.

नक्शे आता कंप्युटरवर काढायचं त्यांनी ठरवलं होतं, म्हणून त्यांना लॅपटॉप हवा होता. घरी टेबलावर ठेवायचा कंप्युटर निम्म्या किमतीत आला असता, पण तो अलईपुऱ्याला रोज कोण नेणार? आणि तिथली बिजली. मला ती वीज वाटे, जिज्जींना बिजली. नाव काहीही घ्या, दुपारी ती नसे.

"मोठ्या पडद्याचा हवा," त्या म्हणाल्या. "आणि उचलता यायला हवा. आणि माझ्या निवृत्तीच्या पैशात बसायला हवा. सगळे पैसे नाही, पण बहुतेक सगळे. तेव्हा दोनदा घेता येणार नाही. समजलं, प्रोफेसर?"

"पण हे सगळं आत्ताच कशाला, जिज्जी? हाताने किती सुंदर काढता तुम्ही."

"जमाना बदलतोय," त्या म्हणाल्या आणि कागदपत्रं आवरायला लागल्या.

मी कॅटलॉग आणले. एका संध्याकाळी चटईवर बसून आम्ही ती चकचकीत पानं पसरली. मी जोरात समजावून देऊ लागलो, हा सर्वात चांगला. जिज्जींनी विचारलं, "कशाच्या मानाने?"

हा त्यांचा आवडता प्रश्न. वांगी महाग झाली म्हणा, कशाच्या मानाने? गंगेला पाणी चढलं म्हणा, कशाच्या मानाने? मी सांगलीहून आणलेल्या नव्या बुटांचं मीच कौतुक केलं तेव्हा खाली बघून त्या म्हणाल्या, "छान आहेत. कशाच्या मानाने? ह्या गल्लीत शेण असतं." आणि त्याच आठवड्यात मला कळलं.

निवडता निवडता तीन लॅपटॉप उरले. नावं इंग्रजी आकड्यांची, पाठ होईनात. जिज्जींचं आयुष्य लग्नाच्या खरेदीत गेलेलं, त्यांनी तिघींची नावं ठेवली. सर्वात लहान ती करवली. हलकी, चुणचुणीत, पण पडदा पोस्टकार्डाचा थोरला भाऊ म्हणावा एवढाच. मधली नवरी. सडपातळ, मोठ्या पडद्याची, बघताच डोळे दिपावेत अशी आणि किमतीने तिघींत भारी. तिसरी काळी, जाड, पडदा नवरीएवढाच, किंमत नवरीहून बरीच कमी, वजन मात्र असं की मांडीवर घेतली तर पायाला मुंग्या याव्यात. ती सासूबाई.

मी पहिल्या मिनिटापासून नवरीच्या बाजूने होतो. कारण सांगायला हरकत नाही, ती माझ्या खांद्याला लटकलेली मला दिसत होती.

"कागदावर काय कळतंय," जिज्जी म्हणाल्या. "साडीसुद्धा कोणी फोटोत बघून घेतं का?"

दुसऱ्या दिवशी खाली गेलो तर त्या साड्यांचे रिकामे खोके कापत बसल्या होत्या. कॅटलॉगमध्ये लांबी, रुंदी, जाडी दिलेली होती. ती मोजून त्यांनी पुठ्ठ्याच्या तीन पेट्या केल्या आणि वाण्याच्या तराजूवर तोलून प्रत्येकीत बरोबर तेवढ्या वजनाची तूरडाळ पिशवीत घालून भरली. वर कागदाचा कळफलकसुद्धा चिकटवला. मी कौतुकाने बघत होतो तोवर त्या म्हणाल्या, "चार्जरचं वजन सांगितलं नाहीस तू."

खरंच विसरलो होतो. तेव्हाचे चार्जर म्हणजे अर्धी वीट. जिज्जींनी सासूबाईच्या पेटीला डाळीचं आणखी एक पुडकं बांधलं. "सासूबाई येणार म्हणजे त्यांचं गाठोडं येणारच."

मग परीक्षा सुरू झाली. काही दिवस करवली खांद्याला लावून अलईपुऱ्याला जाऊन यायचं, मग नवरी, मग सासूबाई. जिना, गल्ली, मच्छोदरीची गर्दी, विणकराच्या दाराची चौकट, खड्ड्याच्या काठावर ठेवायला जागा, सगळं तपासायचं. जिज्जी घरी आल्यावर खांदा चोळत विचार करत बसत.

एके दिवशी त्यांना ताप होता, म्हणून सासूबाईंना फिरवून आणायची जबाबदारी मी मोठ्या मनाने घेतली. पेटी कापडात गुंडाळून छातीशी धरली आणि निघालो. रस्ता चुकणं हा माझा जुना गुण. अलईपुऱ्याकडे जायच्या ऐवजी मी संकठा मंदिरापाशी निघालो. तिथे एका माकडाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला डाळीचा वास आला असावा, मला त्याच्या मनातला. पुढच्या क्षणी ते पेटीला लोंबकळत होतं.

आता ही पुठ्ठ्याची पेटी आहे, आत डाळ आहे, सोडून द्यावी, हे कोणाही शहाण्याला सुचलं असतं. पण इतके दिवस आम्ही तिला लॅपटॉप, लॅपटॉप म्हणत होतो की माझ्या तोंडून किंकाळी फुटली, "छोड़! लैपटॉप है! दो लाख का लैपटॉप है!"

दोन लाख म्हटल्यावर गल्ली जागी झाली. पानवाला ठेला सोडून धावला, एका पुजारीबुवांनी पळी फेकली, कोणी काठी आणली. मी एका टोकाला, माकड दुसऱ्या टोकाला. शेवटी पुठ्ठ्याने जीव सोडला. तूरडाळ पिवळीधमक दगडांवर सांडली, आणि मदतीला आलेला जमाव तिच्याभोवती गोळा झाला. मग पानवाला खाली वाकला, चिमूट उचलून बघितली आणि म्हणाला, "अरे गुरू, एमें त दाल हौ!"

पुढे कित्येक दिवस त्या गल्लीतून जाताना मला विचारणा होई, गुरू, आज कंप्यूटर में दाल हौ कि चना?

जिज्जी तापातही डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. मग पुसून म्हणाल्या, "चल, एक तर कळलं. पिशवी अशी हवी की आत काही खाण्यासारखं आहे असं माकडाला वाटू नये, आणि काही विकण्यासारखं आहे असं माणसाला." जुन्या धोतराची जाड गोधडीसारखी पिशवी त्यांनी त्या आठवड्यात शिवायला घेतली. टाके भावजयीकडून घालून घेतले. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

सिगरा भागात एका कंप्युटरच्या दुकानाचे मालक होते मिश्राजी. त्यांनी लखनौहून तिन्ही लॅपटॉप पाहायला मागवून दिले. एवढं मोठं गिऱ्हाईक रोज येत नसे, त्यामुळे आमचं स्वागत पेढ्यांनी झालं.

"माताजी, ये वाला देखिए, बड़े-बड़े अफसर यही ले रहे हैं."

"हमें अफसर नहीं बनना, भय्या. ज़रा पलटकर दिखाइए."

मिश्राजींना कळेना. जिज्जींनी लॅपटॉप पालथा घालायला लावला. स्क्रू, जाळी, रबराचे पाय, सगळं बोट न लावता नीट पाहिलं. साडी घेताना त्या आधी उलटी बाजू बघत, धागे कुठे कसे तोडलेत ते. त्याच नजरेने तिघींची पाठ पाहून झाली. मग पर्समधून नक्श्याच्या कागदाचा तुकडा काढला आणि पडद्याला लावला.

"प्रोफेसर, एवढा चौकोन मला मागापाशी बसून दिसतो. ह्याहून बारीक दिसत नाही. आता सांग, असे किती मावतील ह्या पडद्यावर?"

मी पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या सांगू लागलो. जिज्जी म्हणाल्या, "असतील ते असोत. दिसतात किती ते सांग." मग आम्ही तिन्ही पडद्यांवर चौकोन मोजले, आणि किमतीला त्याने भागलं. एक चौकोन कितीला पडतो, असा लॅपटॉपचा भाव जगात दुसऱ्या कोणी काढला असेल असं मला वाटत नाही. करवली सगळ्यात स्वस्त, पण एका चौकोनामागे सगळ्यात महाग निघाली. ती तिथेच बाद झाली. नवरी आणि सासूबाईत सासूबाई पुढे होती, पण नवरी दीड किलोने हलकी. मी विजयाने म्हणालो, "खांद्याचा विचार करा, जिज्जी. थोडे पैसे जास्त जातील, पण नवरीच."

जिज्जींनी मान डोलावली. मिश्राजींनी नवरी चालू करून पुढ्यात सरकवली. "बस यहाँ उँगली रखिए, माताजी, और घुमाइए."

जिज्जींनी उजवा हात पदराबाहेर काढला आणि कळफलकाखालच्या चौकोनी पट्टीवर बोट ठेवलं.

पडद्यावरचा बाण थरथरायला लागला. आधी थोडा, मग तो वेडावाकडा पळत सुटला, कोपऱ्यात गेला, परत आला. एक चौकोन धरायला जावा तर तो पाच चौकोनांवरून उड्या मारत होता. जिज्जींनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं. बाण मंद झाला, थांबला नाही.

मिश्राजी भला माणूस. म्हणाले, "घबराइए मत माताजी, पहली बार सबका हाथ काँपता है."

"पहली बार नहीं है, भय्या," जिज्जी हळूच म्हणाल्या आणि हात पुन्हा पदराखाली घेतला.

मला अर्ध्या कपाचा चहा आठवला. भरला असता तर बशीत सांडला असता. आणि मी तिथे पेढा खात उभा होतो.

परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतो, वाढत जाणार. हळूहळू. घरी कोणाला सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस."

"नाही बोलणार."

"वर्ष झालं, पेन्सिल चौकोनाबाहेर जाते. मी परत कागद घेते, परत काढते. मला वाटलं होतं, माझ्या हाताला जमत नाही ते यंत्राला जमेल. पण यंत्रालाही शेवटी माझाच हात लागतो, नाही का?" मग रिक्षावाल्याला म्हणाल्या, "भय्या, ज़रा धीरे."

त्यानंतर लॅपटॉपचा विषय बंद झाला. पुठ्ठ्याच्या पेट्यांतली डाळ डब्यात गेली. जिज्जी अलईपुऱ्याला जाईनात. लग्नसराई जवळ येत होती, पुण्याच्या एका घराने पदरावर मोर सांगितले होते आणि कागद तसाच गुंडाळून पडला होता. मी न राहवून एकटाच जलीलभाईंकडे गेलो. मी काही बोललो नाही, दिलेला शब्द पाळला. तेच माग थांबवून म्हणाले, "जिज्जी के हाथ की बात है न? हमको मालूम है. साल भर से खाने बाहर निकल रहे हैं. हम चुपके से ठीक कर लेते थे."

"उन्हें पता है?"

"उन्हें सब पता है," ते म्हणाले. "वो भी चुप, हम भी चुप."

मग एका दुपारी विद्यापीठात मी तास घेत असताना दारात जिज्जी. पोरं उठून उभी राहिली, कोणी कुलगुरूंची आई वगैरे असेल असं त्यांना वाटलं. त्या सरळ मागच्या रिकाम्या कंप्युटरपाशी जाऊन बसल्या. तास संपल्यावर मी गेलो तर कळफलकावर बोट दाखवून म्हणाल्या, "ही बाण काढलेली चार बटणं कशासाठी असतात?"

"वर, खाली, डावीकडे, उजवीकडे जायला."

"किती जातं?"

"सांगाल तेवढं. एक घर म्हटलं तर एक घर."

"हात कापत कापत दाबलं तरी एकच?"

बटण एक तर दाबलेलं असतं नाही तर नसतं, अधलंमधलं काही नाही. हे मी पोरांना वर्षभर शिकवत होतो, पण ते असं कोणाच्या उपयोगी पडेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग बाणांनी चौकोनावर जायचं आणि ह्या लांब बटणाने तो काळा करायचा, असं काही करून दे," त्या म्हणाल्या, जशी एखादी साडी घडी घालून द्यायला सांगावी.

मी प्रोग्राम लिहिला. पहिल्या दिवशी जिज्जींचं बोट बटणावर पडलं, थरथरलं, आणि पडद्यावरची खूण धाडधाड पळत पदराच्या पार टोकाला गेली. कापरं बोट एका दाबण्यात सात वेळा दाबतं, हे मी धरलंच नव्हतं. "ही तर तुझ्यासारखीच सुटली," जिज्जी म्हणाल्या. मग मी मध्ये थोडं थांबणं घातलं. एकदा दाबलं की क्षणभर यंत्राने कानाडोळा करायचा. जिज्जींनी दाबलं. खूण एक घर सरकली आणि उभी राहिली. पुन्हा दाबलं, पुन्हा एकच घर. त्यांनी चष्मा काढून पुसला.

आम्ही परत सिगऱ्याला गेलो. मिश्राजींनी पुन्हा पेढे काढले. ह्या वेळी जिज्जींनी सगळे लॅपटॉप बंद करायला सांगितले.

"माताजी, स्क्रीन तो देखिए!"

"स्क्रीन देख चुके." त्यांनी डोळे मिटले आणि बाणांची बटणं चाचपायला सुरुवात केली. करवलीची बटणं मटकीएवढी, एकावर बोट ठेवलं की तीन दबत. नवरीची वरची आणि खालची बटणं एकमेकीला चिकटून, रुंदीला बरी, उंचीला निम्मी. जिज्जींचं बोट वर ठेवलं की खालीही लागे. सासूबाईंच्या जाड काळ्या देहावर मात्र जागाच जागा होती. चारही बटणं पूर्ण मापाची, बाजूला वेगळी, मधे ऐसपैस अंतर. जिज्जींनी बराच वेळ तिथे हात ठेवला. हात कापत होता, बटण एकच दबत होतं.

"ही," त्या म्हणाल्या.

नवरी हातची जाताना बघून मी शेवटचा प्रयत्न केला. "जिज्जी, रोज एवढं ओझं? खांदा दुखेल."

"दुखेल तर दुखेल. मला खांद्याने नक्शा काढायचा नाहीये." आणि पर्स उघडत म्हणाल्या, "जन्मभर लग्न केलं नाही, आणि आता साठीत सासू घरात आणतेय. आण, पेढा दे इकडे."

सगळं सुरळीत झालं म्हणावं तर मी होतोच. पदरावर समोरासमोर दोन मोर हवे होते. एक जिज्जींनी काढायचा आणि दुसरा प्रोग्रामने उलटा करून त्याच्यासमोर मांडायचा, अशी सोय मी मोठ्या रुबाबात करून दिली. पडद्यावर एका वेळी अर्धाच मोर दिसे, त्यामुळे दोघे एकत्र कोणी पाहिलेच नाहीत. विद्यापीठाच्या प्रिंटरवर तुकडे छापले, पट्ट्यांना भोकं पडली, नमुना विणला. बनारसी कापड मागावर पालथं विणतात, म्हणून तेव्हाही लक्षात आलं नाही. जलीलभाईंनी कापड काढून सुलटं केलं आणि आम्ही तिघंही बघत राहिलो. मी दुसरा मोर समोर मांडायच्या ऐवजी पाठीमागे मांडला होता. दोघे मोर एकमेकांकडे पाठ करून, माना वर करून उभे.

"नवरीच्या शालूवर रुसलेले मोर," जिज्जी म्हणाल्या. मी जमिनीतल्या खड्ड्याकडे आशेने पाहिलं. पण जलीलभाई दाढीतून हसत होते आणि जिज्जी तो तुकडा नीट घडी घालत होत्या. "टाकू नका, जलीलभाई. कोणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली असतील तर त्यांना देऊ. त्यांना बरोबर समजेल."

मी रात्रीतून चूक सुधारली. पुण्याचा शालू वेळेवर गेला. मोर समोरासमोर, आणि एकालाही मस नाही. नवरीच्या आईने तो खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि जिज्जींना म्हणाली, "काय हात आहे हो तुमचा!" जिज्जींनी हात पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "असू दे."

पुढे वर्ष-दीड वर्ष मी तिथे होतो. थरथर वाढली. चहा आता भावजय ओतू लागली, म्हणून मला पूर्ण कप मिळू लागला. तो मला गोड लागेना. जिज्जी सासूबाईंना रिक्षात शेजारी बसवून अलईपुऱ्याला जात. जिथे पूर्वी एक पदर पंधरवड्यात होई तिथे दोन महिने लागू लागले. यात्रेकरूंना त्या आधीच सांगत, घाई असेल तर दुसरीकडे बघा. लोक थांबत. एकदा मी म्हणालो, आता फार हळू होतंय, नाही? म्हटल्यावर लगेच जीभ चावली. पण त्यांनी मान वर करून नेहमीचंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा बटणाकडे वळल्या.

मला पुण्यात नोकरी लागली. निघायच्या दिवशी दुपारी नमस्कार करायला खाली गेलो तर त्या घरी नव्हत्या. सामान रिक्षात घातलं आणि स्टेशनच्या आधी अलईपुऱ्याला गेलो. बिजली गेलेली होती. मागाची खोली अंधारी, फक्त खड्ड्याच्या काठावर पडद्याचा निळसर उजेड आणि त्यात जिज्जींचा चष्मा. जलीलभाई माग थांबवून हातावर हात ठेवून बसले होते. माझी चाहूल लागताच त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

जिज्जींनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. बोट बटणाच्या वर थरथरत होतं. त्या वाट बघत होत्या. थरथर जराशी ओसरली की बोट खाली येई, टक्, आणि पडद्यावर एक चौकोन काळा होई. मग पुन्हा बोट वर, पुन्हा वाट.

"जिज्जी," मी म्हणालो, "निघतो मी."

"थांब, प्रोफेसर," त्या मान वर न करता म्हणाल्या. "एवढी ओळ संपू दे."

ओळ पदराच्या ह्या काठापासून त्या काठापर्यंत होती. बाहेर रिक्षावाला घंटी वाजवत होता. मी उभा राहिलो, जमेल तितका वेळ. शेवटी जलीलभाईच हळू आवाजात म्हणाले, "आप जाइए बाबू, गाड़ी छूट जाएगी. हम कह देंगे."

मी वाकून जिज्जींच्या पायांशी जमिनीला हात लावला. त्यांना कळलं असेल, नसेल. त्या बोट वर धरून वाट बघत होत्या. दाराची चौकट ओलांडताना मागे टक् झालं. मग बराच वेळ काही नाही. मी गल्लीत तसाच उभा होतो. मग टक्.